स्वॅलोटेल फुलपाखरं घरी आणायची तर आधी कढीलिंबाकडे बघा

बागेत फुलपाखरं यावीत म्हणून बहुतेक जण आधी फुलझाडं आणतात. झिनिया, पेंटास, झेंडू लावले की फुलपाखरं येतातही, पण हॉटेलात यावं तशी: पोट भरलं की निघाली. मोठ्या, रुबाबदार स्वॅलोटेल कुळातल्या फुलपाखरांनी मुक्काम करावा असं वाटत असेल तर त्यांच्या अळ्यांना लागणारं झाड हवं. ते बहुतेक घरी असतंच. कढीलिंब किंवा कागदी लिंबू. त्यावर दरवर्षी येणाऱ्या अळ्या आपण 'कीड' म्हणून चिमटीत धरून फेकतो, आणि मग फुलपाखरं कमी झाली म्हणून हळहळतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात, गॅलरीतल्या चार कुंड्यांपासून घरामागच्या परसापर्यंत कुठेही करता येईल असं पुढे दिलं आहे.

शेपटीवर जाऊ नका

स्वॅलोटेल म्हणजे मागच्या पंखांना शेपूट असलेली फुलपाखरं, असं नावावरून वाटतं. पण आपल्या घराभोवती सर्वांत जास्त दिसणाऱ्या लाइम बटरफ्लायला शेपूट नसते. ब्लू मॉरमॉनलाही नसते. ज्यांना असते त्यांचीही पक्ष्याने टोच मारून किंवा काटेरी झुडपात अडकून तुटलेली असू शकते. शेपटीपेक्षा तीन खुणा जास्त भरवशाच्या आहेत.

पहिली, आकार. यातली बहुतेक फुलपाखरं ८० मिलिमीटरच्या पुढची, म्हणजे पंख पसरल्यावर जवळजवळ तळहाताच्या रुंदीची. दुसरी, फुलावर बसण्याची रीत. रस पिताना ती पंख मिटून स्वस्थ बसत नाहीत, पुढचे पंख सतत फडफडवत राहतात. पटकन उडता यावं आणि फुलावर आपला भार पडू नये, अशी ती अर्धवट तरंगत असतात. तिसरी, पाय. सहाही पाय नीट वाढलेले आणि टेकलेले दिसतात. टायगर, क्रो, पॅन्सी या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड असतात, म्हणून ती चार पायांचीच वाटतात.

आता घराजवळ भेटणाऱ्या जाती. पश्चिम घाटात या कुळातल्या १९ जाती आहेत. नवख्याने सुरुवातीला सहा-सात ओळखल्या तरी भरपूर.

लाइम बटरफ्लाय: काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि तुकडे, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक विटकरी-लाल ठिपका. शेपूट नाही. माळरान, शहर, बागायत, कुठेही.

कॉमन मॉरमॉन: नर काळा, मागच्या पंखांवर आडवी पांढऱ्या ठिपक्यांची रांग, शेपूट आहे. मादीची गंमत पुढे येते.

ब्लू मॉरमॉन: काळं, मागच्या पंखांवर फिकट निळ्या रंगाचा मोठा पट्टा आणि त्यात काळे ठिपके. पंखांचा पसारा १२० ते १५० मिलिमीटर. मराठीत राणी पाकोळी किंवा नीलवंत. २०१५ मध्ये महाराष्ट्राने याला राज्य फुलपाखरू केलं, आणि असा दर्जा देणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. कोकण, घाट, मुंबई आणि पुण्यातल्या झाडीच्या वस्त्यांमध्ये हे हमखास दिसतं.

टेल्ड जे: काळ्यावर हिरवेगार ठिपके, आखूड शेपूट, आणि पाहणाऱ्याचा अंत बघणारी चपळाई. एका फुलावर दोन सेकंद टिकलं तरी नशीब समजा. त्याचा भाऊबंद कॉमन जे निळसर-हिरव्या खिडक्यांसारख्या पट्ट्यांचा असतो.

कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ: दोघांचं अंग लालभडक, दोघांना शेपूट. कॉमन रोझच्या मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग असतो. क्रिमसन रोझच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपके असतात. दोघंही संथ, निवांत उडतात, कारण त्यांना कुणी खात नाही. अळीपणी खाल्लेल्या सापसंदाच्या वेलीतलं विष त्यांच्या अंगात उतरलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. कॉमन मॉरमॉनची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझची नक्कल, तिसरं क्रिमसन रोझची नक्कल. पंखांवरून ओळखायला गेलात तर चुकाल, अंग पाहा. खऱ्या रोझचं पोट आणि डोक्याची बाजू लाल असते, नक्कल करणारीचं अंग काळंच राहतं. अंगही नीट दिसलं नाही तर ती कोणत्या झाडाभोवती घुटमळतेय ते बघा. कढीलिंबावर अंडं घालणारी 'रोझ' कधीच रोझ नसते.

कोणासाठी कोणतं झाड

फुलपाखराची मादी पुढच्या पायांनी पान टपटप वाजवून त्याची चव घेते. पायांवरच्या संवेदकांना योग्य रसायन लागलं तरच अंडं घालते. त्यामुळे 'जवळपासचं काहीतरी' चालत नाही, नेमकंच झाड लागतं.

लाइम आणि कॉमन मॉरमॉनसाठी कागदी लिंबू, कढीलिंब, बेल. शिवाय मोसंबी, संत्रं, पपनस, महाळुंग, म्हणजे लिंबाच्या कुळातलं काहीही. ब्लू मॉरमॉनला कढीलिंबाचं फारसं आकर्षण नसतं. तिला मोठ्या पानांची लिंबूवर्गीय झाडं आवडतात, त्यातही सावलीत उभी असलेली. जंगलात ती माकडलिंबूसारख्या झाडांवर वाढते, घरी पपनस लावा.

टेल्ड जे आणि कॉमन जे यांच्यासाठी सीताफळ, रामफळ, सोनचाफा, हिरवा चाफा आणि सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो उंच खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. तुमच्या इमारतीला आसुपालव असेल तर टेल्ड जे आधीच तुमच्या डोक्यावरून जाते आहे. तिला खाली आणायला एक छोटं सीताफळाचं रोप पुरेसं असतं.

दोन्ही रोझसाठी फक्त सापसंद, म्हणजे ईश्वरी. इथे खरेदी करताना जपा. 'बदकवेल' म्हणून मोठ्या जांभळट, चितकबऱ्या फुलांची जी वेल विकतात, ती याच कुळातली पण दक्षिण अमेरिकेतली आहे. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या अशाच परक्या वेलीवर अंडी घालतात आणि अळ्या पानं खाऊन मरतात. तेव्हा देशी सापसंदच मागा, पानं आणि फुलं लहान असतात. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत मिळते. जंगलातून उपटून आणू नका. आणखी एक: या वेलीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल माणसाच्या मूत्रपिंडाला घातक आहे. कुणी 'सापावरचं औषध' म्हणून काढा करायला पानं मागितली तर देऊ नका.

लागवड, कुंडीच्या हिशेबाने

लिंबासाठी १४ ते १६ इंची कुंडी, कढीलिंबासाठी १२ इंची चालते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू. तळाला भोकं मोकळी हवीत. लिंबूवर्गीय झाडांची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात आणि पानं पिवळी पडतात. पिवळ्या पानावर मादी फिरकत नाही.

रोपवाटिकेतून आणलेलं रोप देखणं असतं, कारण त्यावर फवारणी झालेली असते. काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात, पान धुऊन जात नाहीत. अशा रोपावर घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि दोन दिवसांत काळ्या पडून खाली गळतात. मग वाटतं आपलं काही चुकलं. नवीन रोप आणल्यावर जुनी पानं छाटा आणि नवी पालवी दोन वेळा येईपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते दोन महिने, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. या काळात वर बारीक जाळी टाकली तर उत्तम.

याहून स्वस्त आणि बिनधोक वाट स्वयंपाकघरातून जाते. पपनस, मोसंबी किंवा लिंबाच्या ताज्या बिया धुऊन, वाळू न देता, एका कुंडीत पाच-सहा पेरा. अर्धा इंच खोल. दोन ते चार आठवड्यांत उगवतात, कधी एका बीतून दोन-दोन कोंब येतात. फळ धरायला वर्षानुवर्षं लागतील, पण आपल्याला फळ नकोच आहे. वीत-दीड वीत उंचीच्या कोवळ्या रोपांवर लाइम बटरफ्लाय मोठ्या झाडापेक्षा जास्त तुटून पडते. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांना या अळीचा त्रास होतो तो त्यामुळेच. बागायतदाराचं दुखणं ते आपलं भांडवल, इतकंच.

कढीलिंबाचं जुनं झाड असेल तर त्याच्या मुळांवर फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून लावता येतात. सीताफळ बियांपासून उगवायला महिना-दीड महिना घेतं, बी पेरण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा. सापसंदाला अर्धी सावली आणि चढायला जाळी किंवा काठी हवी. उन्हाळ्यात ती वाळल्यासारखी दिसते, पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटते. मेली समजून कुंडी रिकामी करू नका.

प्रत्येक प्रकारची निदान दोन रोपं ठेवा, सापसंदाची तीन-चार. अळीचं खाणं सुरुवातीला दिसतच नाही, पण शेवटच्या पाच-सहा दिवसांत ती फडशा पाडते. फूटभर उंचीच्या लिंबाच्या रोपाला दोन, फार तर तीन अळ्या झेपतात. रोझच्या अळ्या तर पानं संपल्यावर सापसंदाचं खोडही कुरतडतात.

पालवीची वेळ साधणं

माद्या कोवळी, तकाकी असलेली पालवी शोधत येतात. मे महिन्याच्या अखेरीला किंवा पहिला पाऊस पडताच लिंबू आणि कढीलिंबाचे शेंडे चार बोटं छाटा. दहा-पंधरा दिवसांत नवी पालवी फुटते. दोन रोपं असतील तर दुसरं तीन आठवड्यांनी छाटा, म्हणजे कायम कुठेतरी कोवळं पान असतं. पहिल्या सरींनंतर वर्दळ वाढते आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात भरात असतो. कोकणात वर्षभर काही ना काही दिसतं. देशावर आणि विदर्भात उन्हाळ्यात झाडांना पाणी चालू ठेवलं तर लाइम तेव्हाही येते.

कुंड्या सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल आणि वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवा. दहाव्या मजल्यावर चालतं का? लाइम आणि कॉमन मॉरमॉन वरपर्यंत येतात, पण भिरभिर वाऱ्याची गॅलरी त्यांना नको असते. तिथे एका बाजूला हिरवी जाळी लावून आडोसा करा.

फुलं: नळीदार, एकेरी, आणि झुबक्यात

या फुलपाखरांची सोंड लांब असते, त्यामुळे नळीच्या तळाशी रस असलेली फुलं त्यांना सोयीची. पेंटास, रुग्मिणी (एक्झोरा), मुसांडा, कोरांटी, पॅगोडा फूल, एकेरी जास्वंद. जागा असेल तर शंखासुर लावाच. मोठी फुलपाखरं त्यावर येतात आणि त्याच्या लांब तुऱ्यांमधले परागकण त्यांच्या पंखांना लागतात. एकेका झाडाऐवजी एकाच जातीची तीन-चार झाडं एकत्र लावली तर दुरून दिसतात.

गच्च पाकळ्यांची, दुहेरी फुलं टाळा. डबल जास्वंदात बऱ्याचदा रसापर्यंत वाटच राहत नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, फुलपाखरांना प्रचंड आवडते यात वाद नाही. पण ती परदेशी आहे, पक्ष्यांकडून बी पसरतं आणि रानात देशी झुडपांना गुदमरवते. पेंटासने तेच काम होतं.

चिखलपान

नर फुलपाखरं ओल्या मातीवर बसून क्षार शोषतात. त्यातलं सोडियम मिलनाच्या वेळी मादीला मिळतं. यासाठी फूटभर रुंदीची उथळ थाळी घ्या, तिच्यात दोन इंच बारीक वाळू आणि बागेतली माती मिसळून भरा, चिमूटभर मीठ आणि मूठभर जुनं शेणखत घाला. वर एक-दोन चपटे दगड. माती ओली हवी, वर पाणी तरंगायला नको. पाणी साठलं की फुलपाखरू येत नाही, डास मात्र येतात. टेल्ड जे आणि कॉमन जेचे फोटो काढायचे तर हीच जागा. फुलावर न टिकणारे हे नर इथे मिनिटभर बसतात. हळू, वाकून जा आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

अंडं ते फुलपाखरू

मादी कढीलिंबाभोवती फेऱ्या मारते, एका पानावर क्षणभर टेकते, पोट कमानीसारखं वाकवते आणि उडते. लगेच ते पान उलटून पाहा. मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळा मणी चिकटलेला दिसेल. अंडी एकेकटीच घातली जातात. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी अंड्याचं कवच खाते.

लाइम आणि मॉरमॉनच्या लहान अळ्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तपकिरी-काळ्या आणि मधे पांढरा डाग. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते, पुढच्या फुगीर भागावर डोळ्यासारखे ठिपके. याच टप्प्यावर लोक दचकतात. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल, दुभंगलेली शिंगं बाहेर येतात आणि सडक्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रूंना पळवण्याची ही सोय आहे. या अळीला खाजरे केस नसतात, ती सुरवंट नव्हे. अंगावर पुरळ उठत नाही. टेल्ड जेची अळी पुढे जाड आणि मागे निमुळती असते, पुढच्या भागावर बारीक काटे असतात. रोझच्या अळ्या काळपट-तांबड्या, मऊ गाठी असलेल्या. अंगावर पांढरा पट्टा असेल तर कॉमन रोझ.

लाइमची अळी दोन ते तीन आठवडे खाते. मग एके दिवशी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून चालू लागते. 'अळी नाहीशी झाली' ही तक्रार बहुतेक वेळा याच दिवसाची असते. ती मेलेली नसते, कोष करायला जागा शोधत असते. कुंडीत दोन-तीन खडबडीत काड्या तिरप्या खोचून ठेवा, म्हणजे लांब जात नाही. एरवी ग्रिलच्या खालच्या बाजूला, भिंतीवर, चपलांच्या स्टँडवरही सापडते. शेपटाकडे रेशमाची गादी आणि कमरेभोवती एक धागा, असा आधार घेऊन ती कोष बनते. हिरव्या पानांत कोष हिरवा होतो, काडीवर किंवा भिंतीवर तपकिरी.

आठ-दहा दिवसांनी कोषातून पंखांचे रंग दिसू लागले की फुलपाखरू एखाद्या दिवसात, बहुधा सकाळी, बाहेर येतं. थंडीत हाच काळ बराच लांबतो. कोष हाताला टणक आणि जड लागतो तोवर फेकू नका. बाहेर आलेलं फुलपाखरू पंख लोंबते ठेवून तास-दोन तास टांगून राहतं आणि तांबूस द्रव टाकतं. ते रक्त नाही. या वेळी त्याला हात लावला किंवा खाली जागा कमी पडली तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग कायमचे तसेच राहतात. धागा तुटून कोष खाली पडला असेल तर ओबडधोबड पुठ्ठा भिंतीला तिरपा टेकवा आणि कोष त्याच्या पायथ्याशी ठेवा. बाहेर आल्यावर फुलपाखरू स्वतः वर चढतं.

जिथे हमखास बिघडतं

मुंग्या अंडी आणि लहान अळ्या उचलून नेतात. कुंडी तीन वाट्यांवर किंवा विटेवर ठेवून ती पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. ताटलीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, त्यात डासांची पैदास नको.

अंडं सगळं एकसारखं काळं-करडं झालं आणि तसंच राहिलं तर त्यात परजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढत आहेत. उबण्याआधी निरोगी अंड्यातही काळा ठिपका दिसतो, तो अळीच्या डोक्याचा. कोषावर टाचणीएवढी भोकं दिसली तरी कारण तेच, परजीवी. हे टाळायचं तर अंडी दिसताच फांदीवर मलमलीची किंवा जुन्या ओढणीची सैल पिशवी बांधा. सगळ्याच अळ्यांना असं जपू नका, बुलबुल आणि शिंपीलाही पिल्लं भरवायची असतात.

'जैविक' शब्दावर भिस्त ठेवू नका. बीटी नावाने विकलं जाणारं जिवाणूजन्य कीटकनाशक अळ्या मारण्यासाठीच बनवलेलं आहे, आणि निंबोळी तेलही अळीला सोडत नाही. लिंबावर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा ओल्या कापडाने पुसणं, एवढंच.

पावसाळ्यानंतर डासांसाठी सोसायटीत धूरफवारणी होते, नेमकी अळ्यांच्या ऐन हंगामात. तारीख आधी विचारून ठेवा आणि त्या संध्याकाळी कुंड्या खिडक्या बंद करून घरात घ्या. हलवता येत नसतील तर अळ्या असलेल्या फांद्या कापून, पाण्याच्या बाटलीत खोचून आत आणा. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी उतरून बुडते. दुसऱ्या दिवशी झाडाची पानं पाण्याने धुवा, सुकू द्या, मग अळ्या परत सोडा. अळी बोटाने उचलू नका. ती पानाला घट्ट धरून बसलेली असते, ओढली तर पाय तुटतात. पानासकट कापून नव्या फांदीवर ठेवलं की ती आपण होऊन चालत जाते.